मोसंबीची साल मीच सांगितली होती

नाना,

तालुक्याच्या पेपरात तुमच्या निधनाची चार ओळींची बातमी आली. वय दोन-तीन वर्षांनी चुकलंय, फोटो आधार कार्डावरचा टाकलाय आणि तुम्हाला 'प्रगतशील शेतकरी' म्हटलंय. तुम्ही ऐकलं असतं तर पटक्याचा शेव तोंडाला लावून हसला असता. शेती तुम्ही नाइलाजानं केली. गुडघे गेले, मेंढरं विकावी लागली, मग तुमच्या धाकट्या भावानं, म्हणजे माझ्या आप्पांनी, तुम्हाला मोसंबीच्या बागेत आणून बसवलं. तिथंही तुम्ही झाडांना मेंढरांसारखंच हाकारत फिरायचात. बातमीची शेवटची ओळ अशी आहे: 'डॉ. अश्विनी यांचे ते चुलते होत.' ती वाचून मला लाज वाटली. तुमच्या नावाला माझं नाव जोडून आपण तुमचा मान वाढवला, असं त्या बातमीदाराला वाटलं असेल. तुमचा मान गेला तो माझ्यामुळं, हे त्याला कुठून कळणार.

मी चीनला डॉक्टरकी शिकायला निघाले तेव्हा गावानं माझं नाव 'चायना डॉक्टर' पाडलं. चायनाच्या मालाची ग्यारंटी नसते, हा विनोद पारावर बसणाऱ्या प्रत्येकानं एकेकदा करून घेतला. तुम्ही केला नाही. तुम्ही विचारलंत, तिकडं मेंढरं आहेत का, पावसाळ्यात त्यांना शेंबूड धरतो का, आणि धरला तर ते लोक काय देतात. मी म्हटलं, नाना, मी माणसांची डॉक्टर व्हायला चाललेय. त्यावर तुमचं म्हणणं असं की शेंबूड सगळ्यांचा एकच असतो. पोरगी परदेशी निघालीय आणि तिच्याशी शेंबडाच्या गोष्टी काय करता, म्हणून आप्पा तुमच्यावर चिडले होते.

पहिल्याच हिवाळ्यात मला सर्दी झाली. आपल्याकडची थंडी कोरडी असते, तिकडची ओली, गादीतसुद्धा शिरणारी. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं मला कॉलेजच्या दवाखान्यात त्यांच्या जडीबुटीच्या विभागात नेलं. एका भिंतीला खालपासून वरपर्यंत लाकडाचे लहान-लहान खण होते आणि प्रत्येकावर औषधाचं नाव. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझी जीभ बघितली, दोन्ही हातांच्या नाड्या तीन-तीन बोटांनी बघितल्या आणि विचारलं, अंगावर शहारे येतात का घशाला कोरड पडते? नाकातून पाणी येतं का घट्ट पिवळं? मग म्हणाल्या, ही थंड वाऱ्याची सर्दी. गरम वाऱ्याची वेगळी असते, तिला दवाही वेगळी. मला त्यांनी आलं, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, दालचिनीच्या कोवळ्या काड्या आणि आपल्या तुळशीच्या कुळातलं एक पान दिलं. गरम-गरम प्यायचं, वर तांदळाची पातळ पेज घ्यायची आणि पांघरूण घेऊन पडायचं. घाम अंगाला ओल येईल इतकाच काढायचा, कपडे भिजेपर्यंत काढायचा नाही.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला व्हिडिओ कॉल केला. मी काही सांगायच्या आत माझा बसका आवाज ऐकून तुम्ही विचारलंत, "अश्वे, थंडीचं पडसं हाय का उन्हाचं? हीव भरतंय का तोंडाला कोरड पडती?" मी हातातला पेला खाली ठेवला. त्या बाईंचे सकाळचेच प्रश्न, जवळपास त्याच शब्दांत. मग मी तुम्हाला सगळं सांगितलं. पेज म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, म्हणजे आपल्या ज्वारीच्या कण्या. पांघरूण म्हटल्यावर म्हणालात, म्हणजे आपली घोंगडी. आणि शेवटी अगदी गंभीरपणे विचारलंत की त्यांच्यात धनगर आहेत का. मी इतकी हसले की मैत्रिणीला वाटलं, हिचा ताप डोक्यात गेला.

तेव्हापासून आपलं ठरूनच गेलं. हवा बदलली की मी तिकडचं एक सांगायचं आणि तुम्ही इकडचं एक. मी वाळलेली शेवंती सांगितली, तुम्ही अडुळसा. मी खडीसाखर घालून वाफवलेलं नासपती सांगितलं, तुम्ही आरावर भाजलेला कांदा. भांडणंही झाली. पुदिना अगदी शेवटी टाकायचा, नाहीतर वास उडून जातो, असं मी म्हणायचे. जी वस्तू चुलीवर टिकत नाही ती अंगात काय टिकणार, असं तुम्ही म्हणायचात. काढ्यावर झाकण ठेवावं की नाही यावर आपण एकदा पाऊण तास वाद घातला आणि दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. तो वाद मिटलाच नाही. मी झाकणवाली, तुम्ही बिनझाकणाचे.

त्या दिवसांत मी फार एकटी होते. भाषा येत नव्हती, जेवण उतरत नव्हतं, वर्गात पाठीमागच्या बाकावर बसून मी नुसते शब्द उतरवून घ्यायचे. अशात आपल्या घरातलं सगळ्यात जाणतं माणूस आठवड्याला फोन करून माझ्याकडून काहीतरी शिकून घेत होतं. मी कुणाच्या तरी उपयोगी पडतेय, असं मला तुमच्यामुळं वाटायचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. उपकार बोलून दाखवलेले तुम्हाला चालायचेही नाहीत. दवा घेऊन कुणी हात जोडले की तुम्ही पाठ फिरवायचात. बोलून दाखवलं की दवेचा गुण जातो, ही तुमच्याकडची रीत. मला ती सोयीची पडली.

मोसंबीच्या सालीचं याच काळातलं. संत्र्याच्या जातीचं एक फळ तिकडं सोलतात, त्याची साल वाळवतात आणि वर्षानुवर्षं जपून ठेवतात. जुनी तितकी चांगली. तीन वर्षांच्या आतल्या सालीला कुणी विचारत नाही. छातीत कफ असला की काढ्यात ती टाकतात. जेवणाच्या रांगेत उभी राहून मी तुम्हाला हे सांगत होते. तुम्ही विचारलंत, आपल्याकडं मोसंबीची बाग आहे, रस काढून साल उकिरड्यावर जाते, ती चालेल का? मला भूक लागली होती, रांग पुढं सरकत होती. मी म्हटलं, "चालेल की नाना, जात एकच आहे." मी कुठं वाचलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून सहज निघालं आणि तुम्ही ते धरून ठेवलंत.

तुम्ही साल सोलून तिचं आतलं पांढरं चमच्यानं खरवडून काढायचात, ते कडू असतं म्हणून. गच्चीवर काकूंच्या पापडांशेजारी वाळत घालायचात आणि काकूंची बोलणी खायचात. मग पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचात. लिहिता येत नव्हतं, म्हणून पहिल्या वर्षाच्या डब्यावर चुन्याचं एक बोट ओढलंत, दुसऱ्याच्या डब्यावर दोन. तीन वर्षं पुरी होईपर्यंत एक तुकडा बाहेर काढला नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचात, पुतणीनं चायनातून सांगितलंय, ती डॉक्टर हाय.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला नीट विचार करून सांगितली होती. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला काढा द्यायचा नाही. आणि लहान असो, मोठं असो, श्वासाला धाप लागली, बरगडी आत ओढायला लागली, तर काढ्याचं नावही न काढता दवाखाना. तुम्ही ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं आणि मग स्वतः म्हणून दाखवलं होतं.

तिकडं तो मोठा रोग सुरू झाला तेव्हा मी नेमकी हिवाळ्याच्या सुट्टीला घरी आले होते आणि मला साधी सर्दी झालेली होती. गावानं आमच्या गल्लीतून जाणं सोडलं. पाण्याच्या टाकीवर आईला बाजूला उभं केलं. सरकारी माणसं तपासून गेली, काही नाही म्हणाली, तरी कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा तुम्ही मला बागेतल्या खोपीत नेलंत आणि बाहेर बाज टाकून स्वतः राहिलात. दोन आठवडे. कण्यांचं भगुलं दारात ठेवून लांब बसायचात आणि मी एकटी पडू नये म्हणून मेंढरांच्या नावांच्या याद्या सांगायचात. मला त्या वेळी भीती वाटली नाही, नाना. तुम्ही होता म्हणून वाटली नाही. पण 'चायना' हा शब्द माझ्या अंगाला काय करू शकतो, हे मला तेव्हा कळलं आणि ते पुढं मनातून गेलं नाही.

उरलेलं शिक्षण बरंचसं मोबाइलवर झालं. बाहेरून शिकून आलेल्यांना इथं एक परीक्षा द्यावी लागते, तिच्यात मी दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा पारावर चायनाच्या मालाचा विनोद नव्यानं झाला. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा रडून-रडून मला खोकला लागला आणि तुम्ही एका बोटाचा, सगळ्यात जुना डबा पहिल्यांदा उघडलात. त्या सालीचा पहिला काढा मी प्यायले. कडू होता आणि गूळ कमी पडला होता. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत बसला होता. मी चांगला झालाय म्हटलं आणि तुम्ही लगेच काकूंना हाक मारून ते सांगितलंत.

तिसऱ्यांदा पास झाले. उमेदवारी संपवून वडीगोद्रीला हायवेवरच्या एका खासगी दवाखान्यात लागले. दवाखान्याचे मालक, त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात, तसे वाईट नव्हते. पण पेशंटसमोर विचारायचे, तिकडं हे शिकवतात का? मी हो म्हणायचे आणि मान खाली घालायचे. तिकडून आणलेला पेनसुद्धा मी टेबलावर ठेवत नव्हते.

मी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, आपल्या शेजारच्या शोभाची अडीच वर्षांची मुलगी सर्दीनं आजारी पडली. दुपारच्या भर गर्दीत तुम्ही तिला मांडीवर घेऊन जीपमधून आलात. मागून शोभा रडत आली. मुलीला धाप लागलेली होती. मोठ्या डॉक्टरांनी तिला आत नेलं, ऑक्सिजन लावला, औषधं सुरू केली आणि मग बाहेर येऊन सगळ्यांसमोर विचारलं की इतका उशीर का केला, घरी काय दिलं.

शोभा म्हणाली, "नानाचा काढा दिल्ता. चायनाची दवा हाय. या डॉक्टरबाईनंच सांगितलीय म्हणून देतेत ते समद्यांला."

मोठे डॉक्टर माझ्याकडं वळले. बाकावरची माणसं माझ्याकडं वळली. नाना, त्या क्षणी मला ती मुलगी दिसली नाही आणि तुम्हीही दिसला नाहीत. मला फक्त पार दिसला. मी म्हणाले, "मी असलं काही कधीच सांगितलेलं नाही, सर. ते आपल्या मनानं करतात. वय झालंय त्यांचं."

वय झालंय, हे माझ्याकडून कुणी मागितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

तुम्ही भिंतीला टेकून उभे होता. मुलगी वाटेत ओकली होती, त्याचा डाग धोतरावर होता. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मेंढरू काट्यात अडकलं की त्याला कुठून सोडवावं म्हणून तुम्ही बघायचात, तसं बघितलंत. मग पटका काढून काखेत धरलात.

"बराबर हाय साहेब," तुम्ही म्हणालात. "पोरीला यातलं काय बी ठावं न्हाई. म्याच मनानं करून राह्यलो हे. तिचं नाव सांगितलं की लोकं ऐकतेत, म्हणून सांगत व्हतो."

मोठे डॉक्टर तुम्हाला बरंच बोलले. पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर कोण जबाबदार, म्हणाले. प्रत्येक वाक्याला तुम्ही 'हां साहेब' म्हणत होता. मी सलाइनचा वेग बघायच्या निमित्तानं आत गेले. तो नर्सनं आधीच बघितलेला होता.

मुलगी बरी झाली. सातव्या दिवशी घरी जाताना शोभानं मला कोपऱ्यात घेऊन खरं काय ते सांगितलं. तुम्ही लेकराला काढा दिलेलाच नव्हता. काढा तिच्या सासूसाठी दिला होता, आणि लेकराच्या छातीला ओव्याची पुरचुंडी गरम करून शेका म्हणाला होता. घरातल्यांनी सासूच्या पेल्यातला काढा लेकराला पाजला आणि बरं वाटेल म्हणून वाट बघत बसले. तुम्ही दारावरून जाताना लेकराचा श्वास ऐकलात, झबलं वर करून बरगड्या बघितल्यात आणि जीप थांबवलीत. म्हणजे मी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द, तुम्ही केलंत. शोभा म्हणाली, सासूच्या धाकानं तिला बोलता आलं नाही. मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. मोठ्या डॉक्टरांची खोली दहा पावलांवर होती. मी शोभाला म्हटलं, जाऊ दे, पोरगी बरी झाली ना. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि मलाही.

गावात गोष्ट पोचली ती माझ्या शब्दांत पोचली. नानानं डॉक्टर पुतणीच्या नावावर मनाची दवा खपवली. मेंढरू विकताना ज्यानं त्याचं वय कधी कमी करून सांगितलं नाही, त्या माणसाला लोक लबाड म्हणायला लागले. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, तोंडावर चेष्टा चालायची, चायनाचा दवाखाना बंद झाला का नाना म्हणून. तुम्ही पारावर बसणं सोडलंत. काकू सांगतात, एक ओळखीचा मेंढपाळ आजारी कोकरू खांद्यावर घेऊन लांबून आला होता, त्यालाही तुम्ही मला यातलं कळत नाही म्हणून परत पाठवलंत. डबे उकिरड्यावर रिकामे केलेत आणि घासून काकूंना पिठाला दिलेत. चुन्याची बोटं नीट निघाली नाहीत, अजून दिसतात.

त्या सालीत खरंच काही गुण होता का, मला आजही माहीत नाही. सर्दी बहुतेक वेळा आपली आपण जाते, हे मी रोज पेशंटना सांगते आणि ते त्यांना आवडत नाही. तुम्ही माणसाला काढा उकळेपर्यंत बसवून घ्यायचात. केव्हा सुरू झालं, झोप लागते का, घरात भांडण झालं का, सगळं विचारायचात. मी तीन मिनिटांत चिठ्ठी हातात देते.

पुढची दोन वर्षं मी घरी आले की तुमच्या पाया पडायचे आणि तुम्ही 'सुखी ऱ्हा' म्हणायचा. मग मी आत चुलीकडं पळायचे. येताना एसटीत मी वाक्यं जुळवून ठेवायचे. नाना, मी चुकले. हे तर लहानपणी पाटी फोडल्यावर म्हणतात. नाना, मला माफ करा. हे तुम्ही पुरतं बोलूही दिलं नसतंत. आणि पोचल्यावर आज आप्पा बसलेत, आज पाहुणे आलेत, आज तुम्ही हसताय तर कशाला ते उकरा, असं करून मी परत जायचे. तुमची माफी मागायची तर गावासमोर मागायला हवी होती, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी एकांतातसुद्धा मागितली नाही. एकांतात मागितली असती तर तुम्ही माफ करून टाकलं असतंत आणि मी तेवढ्यावर भागवलं असतं.

गेल्या थंडीत तुम्ही दवाखान्यात आलात. पेशंट म्हणून, नंबर लावून, चिठ्ठी हातात धरून बाकावर बसलात. कंपाउंडर म्हणाला, तुमची पुतणी आहे, जा की आत. तरी नंबर येईपर्यंत थांबलात. आत आलात आणि म्हणालात, "म्याडम, तीन दिस झाले, खोकला हाय."

नाना, म्याडम काय म्हणताय, मी म्हटलं. तुम्ही दाराकडं बघून हळूच म्हणालात की दवाखान्यात तसंच बरं असतंय. मी छाती तपासली, ताप बघितला. थंडी वाजते का कोरड पडते, हे मी तुम्हाला विचारलं नाही. गोळ्या लिहिल्या. तुम्ही कागदाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलीत, उठलात आणि टेबलाला धरून थांबलात.

"अश्वे, एक इचारू? ती साल. मोसंबीची खरंच चालत व्हती, का म्या लोकांला उगंच पाजली?"

दोन वर्षं तुम्ही हे मनात घेऊन फिरत होता. मी तुम्हाला काय केलं, याचा हिशोब तुम्ही केलाच नव्हता. तुमच्या हातून कुणाचं काही वाईट झालं का, एवढीच तुम्हाला काळजी होती. मला तुमचे पाय धरायला हवे होते. मी म्हटलं, नाना, बाहेर गर्दी आहे, नंतर निवांत बोलू.

"हां हां," तुम्ही म्हणालात, "जल्दी काय न्हाई." आणि पुढच्या पेशंटसाठी दार उघडं धरून गेलात.

निवांत बोलणं झालं नाही. पंधरा दिवसांमागं एका सकाळी तुम्ही बागेत पाणी धरायला गेलात, झाडाखाली बसलात ते उठलाच नाहीत. आप्पांचा फोन आला तेव्हा मी एका सर्दीच्या पेशंटची चिठ्ठी लिहीत होते. ती पूर्ण केली, गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगितलं आणि मग उठले.

परवा तेरवी झाली. मांडवात प्रवचन झालं आणि मग माणसं तुमच्याबद्दल बोलायला उठली. तुमच्या बरोबरीच्या एका पाहुण्यांनी बोलता-बोलता म्हटलं, नाना दिलदार माणूस, त्या चायनाच्या दवेची तेवढी गंमत सोडली तर. मांडवात हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं, मायेचंच होतं. तेच मला सहन झालं नाही. मी बायकांमधून उठले आणि माइक मागितला. आपल्याकडं तेरवीला बाईमाणसानं बोलायची रीत नाही. आप्पा गोंधळले, पण कुणीतरी माइक दिला.

मी सगळं सांगितलं, नाना. जेवणाच्या रांगेपासून सांगितलं. साल मीच सांगितली होती, चालेल असं मीच म्हटलं होतं. लेकरांना काढा देऊ नका हेही मी सांगितलं होतं आणि नानांनी तो दिला नव्हता. दवाखान्यात मी सगळ्यांसमोर खोटं बोलले आणि नानांनी ते खोटं आपल्या अंगावर घेतलं. माझ्याबद्दलचं काही मी गाळलं नाही. शोभा पदर तोंडाशी धरून खाली बघत होती. तिचं नाव मी घेतलं नाही आणि तीही उठली नाही.

माझं बोलून झालं. आता मला कुणीतरी बोलेल, असं वाटलं. खरं तर मला ते हवं होतं. सरपंच उठले, त्यांनी डोळे पुसले आणि माइक हातात घेतला. "पुतणी असावी तर अशी," ते म्हणाले. "गेलेल्या चुलत्याची अब्रू राखाया भर मांडवात आळ सोताच्या अंगावर घेतला पोरीनं."

लोकांनी माना डोलावल्या. दोन म्हाताऱ्या बायका उठून आल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मी नाही-नाही म्हणत राहिले. जितकं म्हणाले तितकं त्यांना भरून येत गेलं.

मग मी काकूंकडं गेले. त्यांना तरी कळायला हवं होतं. त्यांचे दोन्ही हात धरून मी म्हटलं, काकू, मी खरं बोलले.

"असू दे माय," काकू म्हणाल्या. "मला ठावं हाय समदं. त्यांनीच मला सांगितल्तं, खंडोबाची आण घेऊन, का पोरीचा यात कायबी दोष न्हाई. मंग तू कशाला त्यांच्यासाठी खोटं बोलून राह्यलीस?"

आणि त्यांनी मला पोटाशी धरलं.

तुम्ही आण घेतलेली मी कधी ऐकली नव्हती, नाना. मेंढरावरून भांडणं झाली, बांधावरून झाली, माणसं आण घ्या म्हणाली, तेव्हा तुम्ही नुकसान सोसलंत पण देवाला मध्ये घातलं नाहीत. माझ्यासाठी खंडोबाची खोटी आण घेतलीत, तीही काकूंसमोर. ज्यांनी तुम्हाला लबाड म्हटलं, त्यांनीसुद्धा तुमचा हा एक शब्द खरा धरला. मला गावात आता सगळे चांगली म्हणतात. काल मोठे डॉक्टरही म्हणाले, तुम्ही छान बोललात असं ऐकलं. मी त्यांनाही सांगायला लागले, तर त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि मला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितली.

साल मी सांगितली, हे माहीत असलेली दोनच माणसं होती. त्यातलं एक गेलं, आणि दुसऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.